रबरावर भरवसा नसलेला माणूस

"पहिले दाखवा, मंग लावा."

खुर्चीत मुलगी तोंड उघडून बसलेली, माझ्या हातात चिमटा आणि मध्ये तिच्या वडिलांचा पुढे केलेला तळहात. तार असो, दाताला चिकटवायची धातूची टिकली असो, नाहीतर साधा कापसाचा बोळा, त्या तळहातावर ठेवल्याशिवाय माझं काम पुढे सरकत नसे. ते वस्तू उजेडाकडे धरून बघत, हुंगत आणि नाइलाजानं परत देत. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. दुधात बोट बुडवल्याशिवाय गवळ्याला जाऊ न देणारा.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. जिकडेतिकडे रस्ते खोदलेले. वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर शहरात मोजकेच होते, आणि चौबे कॉलनीत मी नवा दवाखाना टाकला होता. हे गृहस्थ मूळचे गोंदियाकडचे. भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रकवर माल चढवण्याची देखरेख करायचे. धाकट्या मुलीचे वरचे दात इतके पुढे होते की तिचे ओठ मिटत नसत. शाळेत पोरं चिडवायची, म्हणून ती जायलाच तयार नव्हती. एरवी ते माझ्या दारात आले नसते.

पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलं. "हे नाव तुमचंच काय?"

"लग्नाआधीचं आडनाव आहे."

"म्हणजे नाव बी बदललं," ते स्वतःशीच म्हणाले.

मी समजावून सांगितलं. दात हाडात हळूहळू सरकतो. ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड विरघळतं, मागे नवं भरत येतं. म्हणून जोर हलका हवा आणि सारखा हवा. घाई केली तर मुळाला इजा होते.

"आन् मागचं हाड भरलंच नाही तं?"

"भरतं."

"तुम्ही आत जाऊन पाहिलं?"

मी एक्स-रे दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला. "हा हिचाच आहे ना?"

"पापा, बस करो ना," मुलगी खुर्चीतून म्हणाली.

एकदा मी निकेल-टायटॅनियमची तार वाकडी करून गरम पाण्यात सोडली. ती आपोआप सरळ झाली. तोंडातल्या उबेनं ती अशीच सरळ व्हायला बघते आणि दातांना सोबत नेते, असं मी अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "सदर बाजारात जादूवाला बी असंच करते." जागा करण्यासाठी दोन दाढा काढाव्या लागल्या, त्या त्यांनी कागदात बांधून घरी नेल्या. मी विकेन की काय, अशी त्यांना शंका असावी.

खरं सांगायचं तर संशय एकतर्फी नव्हता. त्यांच्या स्कूटरवर नेहमी एक थोरली मुलगीही असायची. वीस-बावीस वर्षांची, ओढणीनं अर्धा चेहरा झाकलेली. ती कधी आत आली नाही. कडुनिंबाखाली स्कूटरला टेकून उभी राहायची.

"तिला आत बसू द्या ना, ऊन आहे," मी एकदा म्हटलं.

"तिचं काही काम नाही इथं."

ते इतक्या तुटकपणे म्हणाले की माझ्या मनात पाल चुकचुकली. या घरात काहीतरी लपवलं जातंय, असं मला वाटू लागलं.

दाढांच्या रिकाम्या जागेत पुढचे दात मागे ओढायची वेळ आली. मी रबराची बारीक साखळी काढली आणि सवयीनं त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांचा चेहरा उतरला.

"हे रबर आहे?"

"हो. यानं दात मागे येतील."

त्यांनी साखळी टेबलावर ठेवली, मुलीचा हात धरला आणि ते निघून गेले. नंतर आलेच नाहीत. मी त्यांच्या कंपनीत फोन केले, तर 'बाहर गए हैं' एवढंच उत्तर मिळे. मुलीच्या तोंडात तार तशीच होती. लक्ष न देता ठेवलेली तार भलतीकडे दात नेऊ शकते, या काळजीनं मी अस्वस्थ झाले. त्यांच्यावर रागही आला.

मग एका दुपारी दोघी बहिणी ऑटोतून उतरल्या. थोरली पहिल्यांदाच आत आली. तिनं दार लोटलं आणि ओढणी खाली घेतली. बोलताना तिचे वरचे दोन दात हलत होते. ती सैल झालेली, काढता येणारी कवळी होती.

"पापाले वाईट नका समजू, मॅडम," ती म्हणाली. "माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती. मी लहान होतो तेव्हा गावच्या दातवाल्यानं दोन्ही दातांभोवती एक रबर लावलं. फट बुजली. रबर दिसेनासं झालं, आम्हाले वाटलं पडलं. पापानं पेढे वाटले. मंग दात लांब दिसू लागले, हलू लागले. एक दिवस पोळी खाताना ताटातच पडले. रबर मुळाच्या टोकाले गुंडाळलेलं होतं."

मला ऐकतानाच कळलं होतं. दाताचं मूळ गाजरासारखं टोकाकडे निमुळतं असतं. दाताभोवती मोकळं रबर चढवलं की ते हिरडीत शिरतं आणि हाड खात टोकाकडे घसरत जातं.

"उद्या पापांना पाठव," मी म्हटलं.

ते आले. समोरच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "सांगितलं ना तिनं? त्यानं रबर लावलं त्या दिवशी मी काहीच विचारलं नव्हतं, मॅडम. उलट त्याच्या पाया पडलो."

मी त्यांची समजूत घातली नाही. माझी साखळी टिकल्यांना अडकते, दाताभोवती जात नाही, हे प्लास्टरच्या साच्यावर दाखवलं. ते ऐकत होते, पण डोळे रबरावर खिळलेले. मग मी कपाटातून निकेल-टायटॅनियमची छोटी स्प्रिंग काढली. रबराचा जोर लवकर उतरतो, हिचा टिकतो. त्यांनी ती स्वतः ताणून पाहिली, सोडली, पुन्हा ताणली.

"हे घसरत नाही?"

"नाही. दोन्ही टोकं आकड्यांत अडकवून बांधते."

"बांधताना मले पाहू द्या."

ते माझ्या खांद्याशी उभे राहिले आणि मी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बसवल्या. दात हळूहळू मागे आले, ओठ मिटले. पोट्टी शाळेत जाऊ लागली.

धाकटीची तार निघाली त्या दिवशी ते घुटमळले. "मोठीच्या दातांचं बी काही होते तं पाहा." माझ्याकडे येणाऱ्या एका डॉक्टरांनी तिला शेजारच्या दातांच्या आधारानं पक्के दात बसवून दिले. त्यांनाही सगळं तळहातावर ठेवावं लागलं, आणि आधी मी बजावल्यामुळे त्यांनी ते मुकाट्यानं ठेवलं.

पुढे ट्रान्सपोर्टचं काम सुटलं आणि ते कुटुंब गोंदियाकडे परत गेलं, असं कानावर आलं. माझी त्यांची भेट पुन्हा झाली नाही.

शेवटचे दिसले ते मोठीच्या तपासणीच्या दिवशी, खिडकीतून. फाटकाशी हातगाडीवाल्याकडून त्यांनी पिकलेला जाम, म्हणजे पेरू, घेतला आणि मोठीपुढे धरला. तिनं भर रस्त्यात त्याचा चावा घेतला, पुढच्या दातांनी, आणि उरलेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन बोटांनी फोडला, आत किडा नाही ना हे नीट बघितलं, आणि मगच तोंडात टाकला.