बबनमामांची बिनखुर्चीची बैठक

कंपनीच्या दवाखान्यात पट्टी बांधून घ्यायला येणारे थोडे, बसायला येणारे फार. एसी आहे ना. आणि माणूस बसला की बोलतोच. भांडगावजवळच्या या कंपनीत मी सिस्टर म्हणून लागले, तेव्हा वाटलं होतं की कंटाळून जाऊ. आता कुणी विचारलं नाही तरी सांगत सुटते, एवढं साठलंय. त्यातलं निम्मं बबनमामांचं.

मामा कासुर्डीचे. शेडमधली मोठी क्रेन चालवतात, पार छपराखालच्या केबिनमध्ये बसून. तपासणीत त्यांचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टर दर गुरुवारी दौंडहून येतात. ते म्हणाले, "गोळी चालू करा. पुढच्या तपासणीतही आकडा असाच निघाला तर क्रेनसाठी मी सही देणार नाही. खाली पॅकिंगला जावं लागेल."

बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, "शिष्टर, गावात मला क्रेनवाले म्हंत्यात. आता पॅकिंगवाले म्हणायचं का?"

गोळीच्या जोडीला डॉक्टरांनी एक व्यायाम दिला. भिंतीला पाठ टेकायची, गुडघे वाकवत खाली सरकायचं आणि खुर्चीत बसल्यासारखं तसंच राहायचं. हलायचं नाही. दोनेक मिनिटांनी उठायचं, दम खायचा, पुन्हा बसायचं. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् खुर्ची कवा मिळायची?"

*

चहाच्या सुट्टीत दवाखान्याबाहेरच्या भिंतीला मामा बसले. बघते तर चेहरा लालबुंद.

"मामा, श्वास घ्या."

त्यांनी मानेनंच नको म्हटलं. उठल्यावर म्हणाले, "श्वास घेतला आसता तर जोर गेला आसता."

पोतं उचलताना दम धरतात, तसा त्यांनी धरला होता. डॉक्टर म्हणाले, "श्वास कोंडला तर बीपी उलटं चढेल. त्यांना बोलतं ठेवा. बोलणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो."

मी दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, "मामा, यंदा रानात काय केलंय?" झालं! शेजाऱ्यानं बांध कसा कोरला, तिथून जे सुरू झालं ते थांबेना. श्वास चालू होता, पण चेहरा आधीपेक्षा लाल. तेव्हापासून भिंतीला बसल्यावर बांधाचा विषय बंद आहे.

*

हळूहळू आणखी दोघं-तिघं बीपीवाले मामांच्या शेजारी बसायला लागले. एकदा सगळे असे ओळीनं बसलेले असताना जुने सुपरवायझर आप्पा कसल्यातरी कामाला आले. रिटायर झालेत, पण दरारा तोच. आप्पा दिसताच मामा ताडकन उठले, आपल्या जागेची भिंत हातानं पुसली आणि म्हणाले, "या आप्पा, बसा."

आप्पा दोन पावलं पुढं आले. मागं हात नेऊन त्यांनी खुर्ची चाचपली. मग एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा बाकीच्यांच्या थरथरत्या मांड्यांकडं.

"चालू द्या तुमचं," आप्पा म्हणाले. "मी उभाच बरा."

*

बीपी मोजताना हात सैल सोडायचा असतो. मामांच्या हाताला पट्टा बांधला की दंड दगडासारखा व्हायचा. मी रोज सांगायची, ते रोज हो म्हणायचे. शेवटी मी चिडले. "मामा, कशाला आवळताय एवढा?"

"शिष्टर, सैल सोडला तर वर जाईल ना ते. म्हणून दाबून धरलंय."

मी मशीन बाजूला ठेवलं आणि आधी पोटभर हसून घेतलं. नोकरीत असं करू नये, पण केलं.

*

सुट्टीच्या दिवशी मामा घरीच बसायचे, स्वयंपाकघराच्या भिंतीला. पहिल्याच रविवारी मामींनी बघितलं, नवरा रिकामा बसलाय आणि मांडीही आयती सपाट आहे. त्यांनी मेथीची परात मांडीवर ठेवली.

"अगं, मी व्यायाम करतोय."

"मग करा की. हातानं कुठं करताय?"

सोमवारी मामा माझ्याकडं गाऱ्हाणं घेऊन आले. मी म्हटलं, मामींचं काय चुकलं? पुढं एकदा हळदीकुंकवाला मामी भेटल्या. म्हणाल्या, "डॉक्टरांना म्हणावं, अजून एखादा व्यायाम आसंल तर द्या. लसूण सोलायचा राहतो."

*

मग तपासणीचा दिवस आला. मधल्या काही महिन्यांत मामांचा आकडा उतरला होता, मी स्वतः मोजत होते. पण त्या दिवशी डॉक्टरांसमोर बसले आणि पुन्हा वर. थोडं थांबून मोजलं, तरी वर. मामांच्या कपाळाला घाम फुटला. एवढे दिवस केलेलं सगळं पाण्यात जाणार, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी पेन काढलं.

"डॉक्टर," मामा म्हणाले, "हितं माझं काळीज ठिकाणावर राहत न्हाई. जिथं बसून काम करायचं हाय, तिथं मोजा. तिथं वाढलं तर मी स्वतःच्या पायानं पॅकिंगला जातो."

डॉक्टरांनी पेन परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, "हेल्मेट द्या."

सेफ्टीवाल्यांनी क्रेन बंद केली. मामा शिडीनं सरसर वर गेले. मशीन गळ्यात अडकवून डॉक्टर मागून निघाले, एकेक पायरी, कठडा घट्ट धरून. डॉक्टरांचं पोट बऱ्यापैकी आहे. शेडमधले सगळे हातातलं काम सोडून वर बघत होते.

केबिनमध्ये दोघं किती तरी वेळ नुसते बसून होते. मोजायच्या आधी शांत बसावं लागतं, पण एवढं नाही. मग डॉक्टर पट्टा बांधताना दिसले. मग खिडकीतून मामांचा हात बाहेर आला. हातात कागद, कागदावर सही. खालून लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मामा खाली उतरले. डॉक्टर नाही उतरले.

आम्ही पाच मिनिटं थांबलो, दहा थांबलो. दवाखान्यापुढं पेशंट जमले होते. शेवटी मामांनी मान वर करून आवाज दिला, "डॉक्टर, मी येऊ का वर, हात द्यायला?"

छपराखालच्या फटीकडं तोंड करून डॉक्टर बसले होते. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"थांबा हो जरा," वरून आवाज आला. "इथून भुलेश्वरचा डोंगर दिसतोय."