अप्पांचा एकही खाडा नव्हता

"मणक्यांमधली चकती झिजलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. 'लंबर डिस्क डिजनरेशन', म्हणजे कमरेच्या मणक्यांमधली मऊ गादी सुकत जाणं. ओझं उचलणं थांबलं नाही तर पाय जाईल, असंही म्हणाल्या. माझे वडील, अप्पा, खिडकीतून पिंपळाकडे पाहत राहिले.

अप्पा मार्केट यार्डात हमाल होते. त्यांना जाऊन आता वर्ष झालं. तपासण्यांच्या त्या सकाळी मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारख्या दिसतात. एक्स-रे, एमआरआय, बाकडं. आवाज दूरचे, माणसं संथ.

रुग्णालयात हमालांच्या 'मस्क्युलोस्केलेटल डिसऑर्डर'ची, म्हणजे स्नायू, सांधे, हाडांच्या दुखण्यांची, पाहणी चालू होती. ज्यांचं दुखणं कामामुळे झालेलं ठरेल, त्यांच्यासाठी बसून करायच्या कामाची शिफारस जाणार होती. त्यासाठी कसोटी एकच: दुखण्यामुळे वर्षभरात खाडा पडला का?

"एक बी नाय," अप्पा ताठ मानेने म्हणाले. मी शाळेत शिकवते. अर्ज मीच भरत होते. 'नाही' लिहिलं.

आठवड्याने कळलं, खाडा नाही म्हणून पाहणीच्या व्याख्येप्रमाणे अप्पा निरोगी गटात गेले.

त्या संध्याकाळी त्यांच्या टोळीतले नाना भेटायला आले. मी खाड्याचं सांगितल्यावर हसले. "खाडा आमी पडू दिला तर ना! दोन वरसं तुझा बाप वजनकाट्यापाशी उभा हाय, मुकादमावानी. त्याची पोती आमी वाटून घेतो."

"गप रं," अप्पा म्हणाले. "मास्तरीण लगेच लिवून घेईल."

टोळीची रीतच तशी. एकाच्या अंगातलं बळ गेलं तर ओझं बाकीच्यांत वाटलं जातं, हजेरी सगळ्यांची लागते.

मी डॉक्टरांना सांगितलं. टोळीवर ठपका येईल या भीतीने अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डॉक्टरांनी मात्र अर्जातल्या खाड्याच्या प्रश्नावर बोट ठेवलं. "प्रश्न आमचाच चुकला," म्हणाल्या. पुढे त्यांनी व्याख्या बदलली. अप्पांना पोती शिवायचं काम मिळालं आणि ते अखेरपर्यंत आपल्या पायांनी चालले.

तुमच्या घरचं माणूस 'खाडा नाही' म्हणालं, तर तेवढ्यावर थांबू नका.

नवा प्रश्न डॉक्टरांनी पहिल्यांदा अप्पांनाच विचारला. "वर्षभरात आपल्या वाटचं ओझं दुसऱ्या कुणी उचललं का?"

उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं होतं. अप्पांनी हात पुढे धरला. मग एकेक बोट मिटत त्यांनी सावकाश सात नावं घेतली.