रेल्वेवाले बोटीने आले

रेल्वेच्या खर्चाचे हिशेब करण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर लोकांना वाहतुकीचे सल्ले देण्यात पुढची वर्षं. या धंद्यात डोक्यावरचे केस जातात आणि डोक्यात किस्से साठतात. त्यातले निम्मे तरी मालवणच्या एकाच सर्व्हेतले आहेत!

पन्नास-साठच्या दशकांतली गोष्ट. कोकणात रेल्वे टाकली तर परवडेल का, हे बघायला आम्हाला पाठवलं होतं. आम्ही म्हणजे तिघं. नाडकर्णीसाहेब, वय पस्तिशीच्या आसपास, अविवाहित, दादरचे, इस्त्रीच्या पांढऱ्या पँटचे. त्यांचा असिस्टंट मी. आणि स्वयंपाकाला मालवणचाच पास्कू.

रेल्वे नव्हतीच, त्यामुळे रेल्वेचे साहेब आले बोटीने! बोट खोल पाण्यात थांबली, तिथून होडीत उतरलो. होडीही वाळूला टेकेना. शेवटी साहेबांना एका दणकट हमालाने खांद्यावर घेतलं.

"साहेब, खंय कामाक आसात?"

"रेल्वेत."

"हंय रेल येतली?"

"तेच बघायला आलोय."

हमाल कमरेएवढ्या पाण्यात थांबला. "मगे बोट बंद जातली? आमी काय करूचा?"

साहेबांनी खाली पाणी बघितलं, आपली पँट बघितली.

"छे हो! इतक्यात कुठली रेल्वे! तुम्ही चला!"

सर्व्हे सुरू व्हायच्या आधीच निष्कर्ष निघाला!

*

तोंडवलीला एक रापणकर किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता. साहेबांनी विचारलं, "रेल्वेने किती मासळी पाठवाल?"

"गाडी खंय आसा?"

"गाडी अजून यायची आहे."

"मगे मासळी पण अजून दर्यातच आसा!" जाळ्यावरची नजर न काढता तो म्हणाला.

त्याच वाडीत एका म्हातारीला मी विचारलं, "आजी, तुमच्या घरातले किती जण मुंबईला जातात?"

"जातत सगळेच," ती म्हणाली. "परत किती येतत, तां इचार रे झिला!"

आमच्या प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता. मी घालून टाकला.

*

कुणकेश्वरच्या जत्रेला किती बैलगाड्या येतात ते मोजायचं ठरलं. साहेब सकाळीच रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून, टोपी घालून, पेन्सिल परजून बसले. गाडीच येईना! उन्हाने साहेब लालबुंद झाले.

"अहो, या जत्रेचं नुसतं नाव मोठं आहे! इथे ट्रॅफिकच नाही!"

पण घुंगरांचा आवाज तर येत होता. पास्कू मागच्या टेकाडावर चढला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, गाडये वाळूतसून जातत! लोकांका वाटला, तुमी टोल घेऊक बसलात!"

साहेबांनी टोपी काढली, स्टूल उचललं आणि आम्ही देवळात जाऊन आधी दर्शन घेतलं.

*

रेडीला लोहखनिज होडक्यांत भरत होते. ते होडक्याने स्वस्त की रेल्वेने, हा आमचा विषय. साहेब दिवसभर ढिगाऱ्यांवर चढले-उतरले. संध्याकाळी परतले तेव्हा पांढरी पँट विटेसारखी तांबडी! पास्कूने ती बादलीत बुडवली आणि तळाशी बसलेला गाळ मला दाखवला.

"भाऊ, रेडीचा लोखंड मालवणाक इला. वाहतुकीचो खर्च शून्य!"

*

आता खरी गोष्ट. मालवणात आमच्या बिऱ्हाडाशेजारी मुलींच्या शाळेतल्या वागळेबाई आणि त्यांचे वडील अण्णा, दोघंच राहत. साहेब प्रश्नावली घेऊन गेले.

"वर्षातून मुंबईला किती वेळा जाता?"

"एकदाही नाही. मला बोट लागते."

"आणि रेल्वे आली तर?"

"आली तर जाईन की!" बाई हसल्या.

पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा गेले. एक प्रश्न राहिला होता म्हणे! मग आणखी एक राहिला. मग उत्तरं तपासायची राहिली. शेवटी अण्णा पान लावता लावता म्हणाले, "साहेब, घरात माणसां दोन. तुमचे प्रश्न काय सरनत नाय!"

साहेबांचे कान लाल झाले. पण जाणं थांबलं नाही.

पावसाच्या तोंडावर बोटी बंद व्हायच्या आत आम्ही निघालो. हिशेब पुरा झाला होता. रेल्वे परवडत नव्हती. साहेब दोन रात्री नीट जेवले नव्हते. निरोप घ्यायला गेले तेव्हा सामान घेऊन मी बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, उभा होतो.

"रेल्वे काही येत नाही," साहेब खाली बघून म्हणाले. "मी पुष्कळ प्रयत्न केला. आकडे जुळत नाहीत."

साहेबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"तेव्हा... बोटीने याल का? म्हणजे... कायमच्या?"

बाईंनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी पानाचं तबक बाजूला सारलं, उठले आणि मागच्या परसात गेले. साहेब पांढरेफटक! मला वाटलं, म्हातारा आता काठी घेऊन येतो. मी सामान खाली ठेवलं.

अण्णा परत आले ते धोतराच्या सोग्यात काहीतरी भरून. साहेबांसमोर त्यांनी सोगा मोकळा केला.

"ही लिंबां वांगडा ठेवा. तिका बोट लागता."