बेबीआत्याचा इंग्रजी शिरा

स्थळाकडून नकार आला की बेबीआत्या माळ्यावरून ओव्हन काढायची. रडणं नाही, चिडणं नाही, जेवणावर राग नाही. स्टुलावर चढायची, ॲल्युमिनियमचा तो गोल, झाकणाला काच असलेला ओव्हन उतरवायची, फडक्याने पुसायची आणि मला म्हणायची, "सफरचंदं सोलायला घे." तासाभरात दालचिनीचा वास मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातून खाली उतरायचा आणि तळमजल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं, की बेबीचं याही वेळी जमलं नाही. पेपरात छापून आणलं असतं तरी बातमी इतक्या लवकर पोचली नसती.

ती माझ्या बाबांची धाकटी बहीण. आजी-आजोबा गेल्यावर बाबांनी तिला कणकवलीहून मुंबईला आणलं, शिकवलं, आणि ती मरोळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट झाली. खरं नाव मालती, पण शेंडेफळ म्हणून बेबी, आणि तिशी उलटली तरी बेबीच. मी तेव्हा कॉलेजात जात होते. आतल्या खोलीत आम्ही दोघी शेजारी शेजारी गाद्या घालून झोपायचो, एकमेकींच्या साड्या नेसायचो, आणि आत्या असली तरी मी तिला मैत्रिणीसारखंच अगं-तुगं करायचे.

हा पदार्थ तिने पहिल्यांदा खाल्ला तो मरोळ गावठाणातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीकडे, नाताळात. पुढच्या बोनसमधून तिने ओव्हन आणला. आमच्याकडे सफरचंद म्हणजे आजारी माणसाला बघायला जाताना न्यायची वस्तू. धडधाकट माणसांनी ती घरात बसून खायची, तीही भाजून, हे बाबांना काही केल्या पटेना. ते त्याला 'इंग्रजी शिरा' म्हणायचे आणि पुन्हा वाढून घ्यायचे.

करायला अगदी सोपा. सफरचंदाच्या फोडी ताटलीत पसरायच्या, त्यावर साखर, दालचिनीची पूड, लिंबू. मग मैदा, साखर आणि थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, रवाळ झालं की फोडींवर भुरभुरवायचं आणि ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं. आई म्हणायची, "शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसंच की हे." पण शंकरपाळ्यांच्या सवयीने आईचा हात पीठ मळायलाच निघायचा, आणि मग आत्या परात ओढून घ्यायची. "मळू नको वहिनी. मळलंस की संपलं. हात लागला न लागला असा ठेवायचा." खाण्याबाबतही तिचा एकच नियम होता. ताटली बाहेर आली की हातातलं काम टाकून बसायचं. "गरमच खा. गार झालं की नुसतं गोड लागतं."

भाजत असताना ती ओव्हनसमोर पाटावर बसून राहायची. काचेतून आत बघायची. वाचत नसे, विणत नसे, माझ्याशी बोलतही नसे. एकदा न राहवून मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?"

"चाळीस मिनिटं लागतात," ती म्हणाली. मला वाटलं तिने ऐकलंच नाही. आता वाटतं, ऐकलं होतं.

सुरुवातीला असं नव्हतं. पहिल्या एक-दोन नकारांना ती बोलायची, नकला करायची. मुलाच्या आईने हिला खोलीभर कशी चालायला लावली, मुलाच्या काकांनी पोह्यांतले दाणे कसे वेचून खाल्ले, सगळं साग्रसंगीत. आम्ही हसून लोळायचो. मग नकला थांबल्या. नंतर कोणती साडी नेसू हे विचारणंही थांबलं. आई देईल ती नेसायची, बस म्हटलं की बसायची, विचारलं की सांगायची. कोणी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवायचं, कोणाचा मुलगा अचानक 'सध्या थांबणार' असायचा. ती "बरं" म्हणायची आणि स्टूल ओढायची. मला त्या लोकांचा राग यायचा, तिला तोही येत नव्हता. हे असलं थंडपण घरात शेजारी झोपलेलं असलं की भीती वाटते.

आणि मग होकार आला. मुलगा म्हणजे बिजवर, नाशिकचा, बँकेत, दोन लहान मुलं. बाबांच्या ऑफिसात दुपारी फोन आला आणि बाबांनी तिथूनच आत्याला मरोळला फोन करून कळवलं. संध्याकाळी ते पेढे घेऊन घरी आले तर जिन्यात दालचिनीचा वास. ते दारातच थबकले. त्यांच्या पाठोपाठ समोरच्या साठेकाकू सांत्वनाला हजर. आत्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे गं बेबी, याहून चांगला मिळेल." बाबा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. काकूंचं लक्ष पुड्याकडे गेलं, मग बाबांच्या चेहऱ्याकडे, आणि भाजी गॅसवर आहे म्हणत त्या निघून गेल्या. दुसरा कुठला दिवस असता तर आत्याने त्यांची नक्कल करून आम्हाला हसवून मारलं असतं.

तिने ओव्हनचं बटण बंद केलं. "दादा, मी नाही म्हणणार आहे."

चिडले की बाबा मालवणीवर यायचे. "तुका येड लागला काय गो?" मग त्यांनी तिचं वय काढलं, माझं लग्न काढलं, आपण कायम पुरणार आहोत का तेही विचारलं. माणूस वाईट आहे का? नाही. मुलं नकोत का? तसं नाही. नोकरी सोडायची नाही का? तेही नाही. आत्या एकेका प्रश्नाला नुसती मान हलवत होती.

"मग झालं काय?" आईने विचारलं.

"नकार यायचा तेव्हा काही वाटायचं नाही, वहिनी. म्हटलं, सवय झाली असेल. आज दादाचा फोन आला, हो म्हणाले म्हणून. तेव्हाही काही वाटलं नाही. मी फोन ठेवला आणि राहिलेलं पान टाइप केलं." तिने ओव्हनच्या काचेवरून फडकं फिरवलं. "मला माझीच भीती वाटली गं. अशी जाऊन मी त्या पोरांचं काय करू?"

त्या दिवशी ताटली तशीच गार झाली.

बाबा तिच्याशी बोलायचे बंद झाले. ती कामावर जायची, यायची, जेवायची, मीठ हवं असलं तर आईकडे मागायची. महिनाभराने तिने सांगितलं, की अंधेरीत नोकरी करणाऱ्या बायकांच्या हॉस्टेलात जागा मिळाली आहे. कोणी अडवलं नाही. आईने लोणच्याची बरणी बांधून दिली. मी दोघींच्या साड्या वेगळ्या करायला बसले आणि मला काही केल्या आठवेना कुठली कोणाची. मी सगळ्या तिच्याच ट्रंकेत भरल्या.

रविवारी सकाळी बाबांनी ट्रंक उचलली. पुढे ते, मागे आत्या, तिच्यामागे मी आणि आई. पहिल्या मजल्याच्या वळणावर बाबा दम घ्यायला थांबले आणि मागे न बघताच म्हणाले, "रविवारी जेवायला येत जा."

आत्या खाली बसली. पाय घसरला असं वाटून मी धावले, तर ती रडत होती. एवढं मोठ्याने मी त्या घरात कोणाला रडताना ऐकलं नव्हतं. वरखाली दारं उघडली. आई तिचं तोंड पदराने पुसायला गेली, तिने आईचा हात बाजूला केला.

"राहू दे वहिनी. येतंय तर येऊ दे."

बाबांनी ट्रंक खाली ठेवली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बाबा मला म्हणाले, "त्याला सांग, वेळ लागेल."