आकडा मोठ्यानं

मास्तरांना मनात मोजता येत नसे. म्हणजे येत असणारच, पंधरा वर्षं हवाई दलात विमानांची दुरुस्ती करून आलेला माणूस. पण मनात मोजलेल्याला ते मोजलेलं धरतच नसत. चहात साखर घालताना 'एक, दीड', जिना चढताना पायरीगणिक आकडा. मंचरच्या बाजारपेठेत माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे दुपारी आम्ही दोघं कामाला लागलो की 'एऽक... दोऽन... तीऽन' पार रस्त्यापर्यंत ऐकू जाई. समोरचा औषधवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "मास्तर शेठला उजळणी शिकवत्यात. अजून बाराच्या पुढं गेली न्हाय गाडी."

बाराच्या पुढे ती कधी गेलीच नाही, कारण आमचं काम बाराच आकड्यांचं होतं. मास्तर मूळचे लोणीचे. नोकरीतून सुटल्यावर ते एका आयटीआयमध्ये वायरिंग शिकवू लागले आणि मंचरला दोन खोल्या घेऊन राहिले. एके दिवशी दुकानात येऊन म्हणाले, "शेगडीची कॉईल द्या." किती वॅटची, असं मी विचारलं, तर म्हणाले, "शेगडी न्हाई पेटवायची. इमानाचे पंख कापायचेत." गिऱ्हाइकाला माल कशाला हवा ते विचारायचं नाही, ही आमच्या वडिलांची शिकवण. राजस्थानातून येऊन दोन पिढ्या आम्ही ती पाळली होती. मी ती त्या दिवशी मोडली, आणि त्या एका चौकशीपायी माझ्या दहा-बारा वर्षांच्या दुपारी गेल्या.

ते काम सांगतो, रेडिओवर उडणारी छोटी विमानं बनवायचं. शेगडीची कॉईल ओढून सरळ करायची आणि बांबूच्या कामठीला धनुष्याच्या दोरीसारखी ताणून बांधायची. तिच्यात ट्रान्सफॉर्मरमधून करंट सोडला की तार तापते आणि थर्माकोलमधून जाते. थर्माकोलच्या लाद्या शीतगृहाच्या बांधकामातून उरलेल्या, मास्तर त्या सायकलला बांधून आणत. लादीच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे सनमायकाचे फर्मे टाचायचे, विमानाच्या पोटाकडे मोठा, टोकाकडे लहान. मग एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला मी, आणि दोघांनी मिळून तार फर्म्यांवरून घसटत न्यायची.

यातली मेख अशी की मोठ्या फर्म्यावरची वाट लांब, लहानावरची आखूड, आणि पोचायचं मात्र दोघांनी एकाच वेळी. एक पुढे गेला की पंख वाकडा. म्हणून दोन्ही फर्म्यांवर एक ते बारा खुणा. मास्तरांचा नियम असा: "समोरच्याचा आकडा कानावर आल्याबिगर पुढं सरकायचं न्हाई. आन आकडा मोठ्यानं. मनातला आकडा समोरच्याला ऐकू जात न्हाई, शेठ." सुरुवातीला मी व्यापारी घाईनं पुढे सटकायचो. ते तार जागीच धरून माझ्याकडे बघत राहायचे, आणि तेवढ्यात त्यांच्या बाजूला थर्माकोल वितळून चर पडायची. हात जिथे अडला, तिथे तार खाते. "थर्माकोल कुनाचं मन राखत न्हाई," ते म्हणत, आणि ती लादी बाजूला टाकून नवी घेत. मला त्यांनी एकदाही रागावून बोललेलं आठवत नाही.

आणखी एक गंमत. थर्माकोलमध्ये मुंग्या घर करतात. मी जैन, म्हणून तार तापवण्याआधी मास्तर लादीवर तीनदा टकटक करून म्हणायचे, "चला, बाहेर या. शेठ आलेत, त्यांना पाप लावू नका." एकदा खरंच मुंग्यांची रांग बाहेर पडली. आम्ही दोघं स्टुलावर बसून ती संपेपर्यंत थांबलो. तेवढ्यात दुकानातली दोन गिऱ्हाइकं परत गेली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. असा मी आयुष्यात फक्त त्या खोलीत वागलो.

कापलेला पंख लगेच बाहेर काढायचा नाही, ही त्यांची शिस्त. शेंगेत दाणा राहतो तसा तो वरच्या-खालच्या तुकड्यांत रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मी तो उघडायचा, घासायचा, पांढऱ्या गोंदानं खाकी कागद चिकटवायचा आणि संध्याकाळी त्यांच्या घरी पोचवायचा. बाकी सगळं मास्तरांचं. घरी ते पंख तराजूत टाकत, दोरीला टांगून बघत, पोटाकडच्या बाजूला बॉलपेननं तारीख घालत. मी दुकानात दिसलो की पहिला प्रश्न ठरलेला: "कसा निघाला, शेठ?" मी म्हणायचो, "साफ." ते मान हलवून चालू लागायचे.

उन्हाळ्यात आम्ही जीप करून घाटघरला जायचो. तिथे कड्याच्या तोंडाशी कोकणातला वारा सरळ वर येतो. इंजिन नसलेलं विमान हातानं सोडलं तरी त्या वाऱ्यावर तासभर तरंगतं. मी फेकायचो, मास्तर रेडिओच्या डबीवरचे दांडे अंगठ्यांनी हलवून ते फिरवायचे. गुरं राखणारे एक म्हातारबाबा दर वेळी येऊन बसायचे आणि दर वेळी तेच विचारायचे, "ह्यात मानूस कदी बसवनार?" मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "शेठचं वजन कमी झालं की."

पहिली चर पडली ती दोन हजार सालाच्या पुढेमागे. आठ आणि नऊच्या मध्ये, मास्तरांच्या बाजूला. कापताना मला जाणवलं होतं, त्यांचा 'नऊ' जरासा उशिरा आला. त्यांनी तिथेच वरचा तुकडा उचलला आणि आम्ही दोघांनी ती बघितली. माझ्या तोंडून निघून गेलं, "व्होल्टेज डाऊन झालं असेल." उजव्या हाताची बोटं त्यांनी दोनदा उघडली, मिटली. पुढच्या खेपेला मी दुकानातला कोरा स्टॅबिलायझर आणून ठेवला. मास्तर म्हणाले, "चांगलं केलंत," आणि स्वतः वायरी सोलून तो जोडला.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं पंख उघडला. चर होती. पहिलीपेक्षा खोल.

आता काय करायचं असतं? सांगायचं असतं. तो काही परका माणूस नव्हता. पण मी आयुष्यभर जे केलं तेच केलं, माल चांगला दिसेल असं बघितलं. पुट्टी कालवली, चर भरली, घासली, वर कागद चिकटवला. संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "कसा निघाला?" मी म्हणालो, "साफ."

तरी मन खात होतं. एकदा मी म्हटलं, "मास्तर, आज बाजू बदलू. मला मोठा फर्मा द्या." ते माझ्याकडे बघून टोकाकडे गेले. दुसऱ्या दिवशी उघडलं तर चर टोकाकडे. म्हणजे तार नाही, व्होल्टेज नाही, मी नाही. ती मास्तरांबरोबर फिरत होती. त्यानंतर मला कळायचं काही शिल्लक नव्हतं, आणि तरी मी दर खेपेला पुट्टी कालवत राहिलो. स्वतःची समजूत घालत होतो की वय झालंय, थकवा असेल, आपण बोललो तर त्यांचं हे एवढं एक सुख जाईल. खरं सांगायचं तर माझंही गेलं असतं.

शेवटचं विमान घाटघरला गेलं. मी फेकलं, ते छान वर चढलं, कड्याबाहेर गेलं. आता वळवायला हवं होतं. "मास्तर, वळवा," मी म्हणालो. मग पुन्हा म्हणालो. त्यांच्याकडे पाहिलं तर ते विमानाकडे बघतच नव्हते, स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा दांड्यावर होता आणि हलत नव्हता. विमान सरळ जात लहान झालं आणि दिसेनासं झालं. म्हातारबाबा म्हणाले, "गेलं राव तुमचं इमान कोकनात." मी म्हणालो, "रेडिओची रेंज गेली असणार." तेव्हाही. मास्तरांना डबीचं झाकण लावता येईना, ते मी लावलं. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही आकडा मोजला नाही.

त्याच आठवड्यात ते वर्गात पडले. पुण्याला नेलं तेव्हा मी आणि मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, बरोबर होतो. मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "हाताचं हे केव्हापासून?" मास्तर म्हणाले, "दिवाळीपासून." वहिनींनी मान डोलावली. दिवाळी होऊन चार महिने झाले होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मूग गिळून बसलो. नंतर बाहेर डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, वर्ष-दीड वर्ष आधी आले असते तर गाठ काढता आली असती, आता ती हात लावण्याजोगी राहिली नाही. वहिनी मला म्हणाल्या, "शेठ, तुमी रोज त्यांच्यासंगं व्हता. तुमाला बी कदी काय दिसलं न्हाई?" त्या बाईंनी ते सहज विचारलं होतं. मी म्हणालो, "नाही, वहिनी."

मास्तरांना लोणीला भावाच्या घरी नेलं. मी दर रविवारी एसटीनं जायचो. पडवीत खाटेवर ते पडलेले असत, उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. वहिनी चमच्यानं पेज भरवायच्या आणि ते त्या जड जिभेनं मोजायचे, "एक... दोन." पाच-सहाच्या पुढे जात नसत. एका रविवारी वहिनी पाण्याला गेल्या होत्या आणि मला राहवेना. मी म्हणालो, "मास्तर, पंखांना चर पडत होती. तुमच्या बाजूला. मी ती पुट्टीनं भरत होतो. दीड वर्ष."

ते एकेक शब्द उचलत म्हणाले, "म्हायती हाय. पंख एका अंगानं जड लागायचा. दुसऱ्या अंगाला... कथलाचा थेंब लावून सारखा करायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"भ्या वाटायचं," ते म्हणाले. "तुमी म्हनाल म्हनून थांबलो व्हतो."

एवढंच. त्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसवलं नाही. राग असता तर माझं ओझं थोडं कमी झालं असतं. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. पुढच्या रविवारच्या आतच ते गेले. दशक्रियेनंतर वहिनींनी पंखांची गोणी माझ्या हवाली केली. "ह्याचं मी काय करू?" त्या म्हणाल्या. मी ती दुकानात आणली.

मागच्या खोलीत बसून मी एकेका पंखाचा कागद सोलला. तारखा लागोपाठ होत्या, अक्षर मात्र पंखागणिक बारीक आणि तिरकं होत गेलेलं. एका अंगाला माझी पुट्टी, बरोबर दुसऱ्या अंगाला कथलाचा चमकता थेंब, कागदाला चीर देऊन आत बसवलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा. कुठे मोठा, कुठे दोन. एकही पंख चुकला नव्हता. सगळ्यात आधीचा उघडला, स्टॅबिलायझर आणला त्या दिवशी कापलेला. त्यातही थेंब होता.

म्हणजे त्यांना पहिल्या पुट्टीपासून ठाऊक होतं. आणि त्यानंतर दीड वर्ष दर खेपेला ते दुकानाच्या पायरीशी थांबून मला विचारत राहिले, "कसा निघाला, शेठ?" आणि मी म्हणत राहिलो, "साफ."