सासूबाईंचा पदर

महिन्यातून एकदा मी रिकाम्या वॉशिंग मशीनमध्ये व्हिनेगर घालून ते गरम पाण्यावर फिरवते, आणि त्या आंबट वासाबरोबर आमच्या गुजरातमधल्या, हरणी भागातल्या फ्लॅटमधली एक संध्याकाळ आठवते. मशीन नवं होतं आणि सासूबाईंना त्याचं फार कौतुक. कपडे काढले की धूळ जाऊ नये म्हणून त्या दार घट्ट लावायच्या आणि वर स्वतः शिवलेलं कव्हर घालायच्या. हळूहळू कपड्यांना कुबट वास येऊ लागला, पण मी कानाडोळा केला. मग एका हळदीकुंकवात शेजारची गुजराती बाई चारचौघींत त्यांना म्हणाली, "बा, साडीमांथी वास आवे छे." मी शरमेने घरी आले, मशीनच्या दाराचं रबर ओढून पाहिलं, तर घडीत काळी बुरशी साचलेली. "आई, एवढा वास येतो, तुम्हाला कळलं कसं नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी पदर बराच वेळ नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "मला वास येतच नाही गं, त्या तापातून उठले तेव्हापासून. फोडणीसुद्धा रंग बघून करते." त्यानंतर आमच्याकडे मशीनचं दार उघडं राहू लागलं, प्रत्येक धुण्यानंतर मी रबर पुसून कोरडं करू लागले, आणि बाहेर पडण्याआधी त्या माझ्यापुढे पदर धरू लागल्या, "बघ गं, येतोय का?" त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. घाईच्या सकाळी मी नाक न लावताच "नाही येत, आई" म्हणायचे, आणि त्या निर्धास्त जिना उतरायच्या.