चाचांच्या खुंट्या

"होते नं," असं म्हणून चाचा चष्मा कपाळावर ढकलायचे आणि नाक कॉम्प्युटरच्या पडद्याला लागेल इतके पुढे वाकायचे. काम जितकं अवघड, तितकं ते "होते नं" लवकर यायचं.

वडशाला तेव्हा लग्नाच्या सीडी बनवणारी दुकानं नुकतीच निघाली होती. आमच्या दुकानात मी शूटिंग करायचो आणि चाचा कॉम्प्युटरवर मिक्सिंग. त्याआधी त्यांची उभी हयात झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवण्यात गेली होती. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वय झाल्यावर नवं यंत्र शिकतात आणि मग आपल्यासारख्यांना त्याच्याजवळ फिरकू देत नाहीत.

चालत्या चित्रात एखादा फोटो बसवायचा, तर तो कुठे असावा हे जागोजागी हाताने नेमून द्यावं लागतं. मधल्या वेळात त्याला सरकवायचं काम कॉम्प्युटर करतो. अशा नेमलेल्या जागेला की-फ्रेम म्हणतात. चाचा खुंटी म्हणायचे.

एकदा एक बाई आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच बुद्धविहारात लागलं होतं, आणि शूटिंग माझंच होतं. बाईंचा नवरा वनरक्षक. लग्नाच्या चार महिने आधी तापाने गेला. बाईंनी पिशवीतून त्याचा वर्दीतला फोटो काढला.

"हार घालते तवा पोरीच्या मांगं त्याईले उभं करून द्याल का? रविवारी थे अहेरीले सासरी जाऊन राह्यली. सीडी सोबत नेतो म्हणते."

"होते नं, बाई," चाचा म्हणाले.

माझं पाप मला माहीत होतं. विहारातला भोंगा पडत होता म्हणून कॅमेऱ्याचं स्टँड मी त्याला टेकू म्हणून दिलं होतं आणि अख्खं लग्न हातात कॅमेरा धरून घेतलं होतं. सगळं चित्र डुलत होतं. बाप त्या गर्दीत खरा वाटायचा तर त्यालाही तितकंच डुलवायला हवं होतं, म्हणजे खुंट्याच खुंट्या.

त्यात सॉफ्टवेअरमध्ये खोट निघाली. मधली एक खुंटी दुरुस्त केली की तिच्यापुढची आपोआप सरकायची. ती सुधारली की त्यापुढची. दोन दिवस वनरक्षकसाहेब कधी खांबात शिरत होते, तर कधी नवरदेवाच्या डोक्यावर उभे राहत होते. मला हसू आलं. चाचा हसले नाहीत.

"फुलांची चौकट करून सुरुवातीले लावून देऊ, चाचा. सगळेच तसं करून राह्यले."

"चौकटीतला फोटो तं त्याईच्या भिंतीवर हायेच. मंग आपल्याकडं काऊन आल्या असत्या?"

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की शेवटची खुंटी हलवली तर काहीच बिघडत नाही. तिच्यापुढे सरकायला कोणी नसतंच. मग त्यांनी सगळ्या खुंट्या उपटल्या आणि एकेक पुढे रोवत निघाले. मागे चूक दिसली, तर तिथपासूनचं सगळं उपटायचं आणि पुन्हा रोवायचं. तुकडा होता बारा सेकंदांचा. मधेच वीज जायची, ती आली की चाचा पहिल्यापासून तपासायचे.

शनिवारी दुपारी दोनच खुंट्या उरल्या होत्या, तेव्हा त्यांना मधेच कुठेतरी वनरक्षकाचा खांदा जागेवरून सुटलेला दिसला.

"कोणाले दिसते, चाचा? बोटभर बी नाई सरकलं."

"बाईले दिसन."

त्यांनी अर्धं काम उपटून टाकलं. मला त्यांचा मनापासून राग आला. आता चाचांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तो राग आठवला की लाज वाटते.

रविवारी सकाळी बाई मुलीला घेऊन आल्या. सीडी लावली. मुलीने हार उचलला, चित्र डुललं, आणि तिच्यामागे तिचा बापही तेवढाच डुलला. मुलीने तोंडाला रुमाल लावला. नवरा चारचौघांत समोर आला की बायका घेतात, तसा बाईंनी खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला.

ते पाहून चाचा खुर्चीतून उठून उभे राहिले.